वंदावी की वंदीन?

आमच्या गावच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर कित्येक वर्षं एक ओळ रंगवलेली होती : 'बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले'. खाली संत तुकाराम. माझ्या पिढीने ती रोज वाचली, मुलांच्या पिढीने वाचली, निबंधात घातली, भाषणात म्हटली. गाथा उघडली की मात्र तिथे 'वंदावी' सापडत नाही. तिथे असं आहे : 'बोले तैसा चाले । त्याचीं वंदीन पाउलें ॥ अंगें झाडीन अंगण । त्याचें दासत्व करीन ॥'.

एका शब्दाचा फरक, पण बोलणारा माणूसच बदलतो. 'वंदावी' म्हणणारा दुसऱ्याला उपदेश करतो. 'वंदीन' म्हणणारे तुकोबा स्वतःपुरतं बोलतात. वंदीन, झाडीन, करीन, पुढे होईन. सगळा अभंग 'मी'चा आहे. बोलल्याप्रमाणे वागणारा कुणी भेटला तर मी त्याच्या अंगणात केरसुणी घेऊन उभा राहीन, असं म्हणणारा कवी भिंतीवर पोचेपर्यंत सुविचार सांगणारा मास्तर झाला. बरं, हे कुणी जाणूनबुजून केलेलं नाही. ओळ तोंडातोंडी फिरली, फिरता फिरता गुळगुळीत झाली आणि तशीच भिंतीवर चढली.

मी काही पंडित नाही. तरी मला ही चूक धरता आली, कारण दीडशे वर्षांपूर्वी काही माणसांनी गावोगावच्या, हाताने उतरवलेल्या अभंगांच्या वह्या गोळा केल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या, कुठला शब्द कुठल्या वहीत आहे ते पाहून गाथा छापली. त्यांची नावं आज फार थोड्यांना ठाऊक आहेत. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्यानंतर सत्कार झाले, मिरवणुका निघाल्या, कमानी उभ्या राहिल्या. त्या आनंदात मीही होतो. पण अभिजात म्हणवणारे आपले ग्रंथ सामान्य वाचकाच्या हाती नीट वाचता येतील असे कोण देणार, हा प्रश्न अजून कुणी मोठ्याने विचारलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे. जुना ग्रंथ नुसता छापून लोकांचा होत नाही, त्याचा फोटो काढून महाजालावर टाकल्यानेही होत नाही. तो लोकांचा होतो संपादकामुळे. आणि संपादकाचं काम हे रस्ते, पाणी, दवाखाना यांच्यासारखं सार्वजनिक काम आहे, त्यासाठी सार्वजनिक पैसा लागतो आणि त्याचं फळही सर्वांना मोकळं असायला हवं.

हा विचार नवा नाही, आपल्याकडे तो एकदा अमलात आलेला आहे. मुंबई सरकारने तुकारामांची गाथा छापण्यासाठी २४,००० रुपये मंजूर केले. तेव्हाचे शिक्षणसंचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यात लक्ष घातलं होतं. एकोणिसाव्या शतकातले चोवीस हजार ही केवढी रक्कम होती ते वेगळं सांगायला नको. काम सोपवलं विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांच्याकडे, देखरेखीला शंकर पांडुरंग पंडित. इंदुप्रकाश छापखान्यातून पहिला भाग १८६९ साली निघाला, दुसरा १८७३ साली.

हे विष्णुशास्त्री पंडित म्हणजे विधवाविवाहाच्या चळवळीतले खंदे कार्यकर्ते, इंदुप्रकाश पत्राच्या मराठी बाजूचे संपादक. त्या काळात त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता, आणि १८७४ साली स्वतः विधवेशी विवाह करून बोलणं खरं केलं. 'बोले तैसा चाले' हा अभंग त्यांनी छापला तेव्हा तो त्यांना नुसता छपाईचा मजकूर वाटला नसणार, असं मला नेहमी वाटतं. दुसरे, शंकर पांडुरंग पंडित, हे संस्कृत-प्राकृताचे जाणकार. पुढे त्यांनीच वाक्पतीचं 'गउडवहो' हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य १८८७ साली संपादून काढलं. अभिजात दर्जाच्या दाव्यात मराठीचं जुनं रूप म्हणून ज्या महाराष्ट्री प्राकृताचा आपण एवढा आधार घेतला, तिच्या आणि तुकोबांच्या वह्या अशा एकाच माणसाच्या टेबलावरून गेलेल्या आहेत.

देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर. या चार ठिकाणच्या वह्या त्यांनी मिळवल्या. यातला प्रत्येक शब्द नीट वाचावा असा आहे. वह्या कुणाच्या देवघरात, कुणाच्या फडात म्हणजे वारकऱ्यांच्या मंडळीत, कुणाच्या वंशजांच्या पेटीत. त्या पूजेतल्या. परक्या माणसाच्या हाती देताना घरच्यांच्या मनात काय आलं असेल? त्या मिळाल्यावरही काम सोपं नव्हतं. जुन्या वहीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ओळ सलग जाते. अक्षर कुठे पुसलेलं, कुठे उतरवणाऱ्याने आपल्या बोलीप्रमाणे बदललेलं. एका वहीत अभंग आहे, दुसरीत नाही. एकीत चार चरण, दुसरीत पाच. अशा वेळी 'मला आवडतो तो पाठ', म्हणजे त्या ओळीचं मला आवडतं ते रूप, म्हणून चालत नाही. चार वह्या चार साक्षीदारांसारख्या समोर बसवून विचारावं लागतं. कोण जुनं बोलतं? कोण दुसऱ्याचं ऐकून बोलतं? कुणाचं बोलणं पुढच्या ओळीशी जुळतं? 'झाडीन, करीन'च्या रांगेत 'वंदीन' बसतं, 'वंदावी' बसत नाही, हे ठरवणं याच जातीचं काम आहे.

एवढं करून त्यांनी साडेचार हजारांहून थोडे अधिक अभंग दिले. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला तर खरी गंमत पुढेच वाटते. काही वर्षांनी तुकाराम तात्या पडवळ यांनी आपली गाथा काढली. 'जातिभेदविवेकसार' लिहिणारे हे पडवळ. त्यांनी जिथून मिळतील तिथून अभंग जमवले आणि आठ हजारांहून अधिक छापले. त्यानंतर ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे. मिठागरांचा व्यवसाय करणारा, वयाची पंचविशी गाठायच्या आत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेत पुढे असलेला माणूस. त्यांनी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून १९१९-२०च्या सुमारास तुकारामबुवांचा 'अस्सल गाथा' छापला. संताजी हे तुकोबांच्या टाळकऱ्यांतले, चाकणचे, अभंग लिहून ठेवणारे. त्यांच्या हातच्या वहीचं मोल वेगळं, म्हणून भाव्यांनी ती जशी होती तशी देण्यावर भर दिला.

एकच कवी, तीन संपादक, आणि 'गाथेत काय असावं?' या प्रश्नाला तीन उत्तरं. पंडितांनी चाळणीतून गाळलं. पडवळांनी झोळी पसरली. भाव्यांनी एका जवळच्या साक्षीदारावर विश्वास टाकला. कुणी म्हणेल, यातलं बरोबर कुठलं? मला विचाराल तर तिन्ही हवेत. चाळणी नसेल तर कुणाच्याही ओळीखाली 'तुका म्हणे' लिहून ती खपवता येते, आणि सकाळी मोबाईल उघडला की अशा ओळी रोज दिसतात. झोळी नसेल तर लोकांनी तुकोबांच्या नावाने तीनशे वर्षं काय गायलं याचा पत्ता लागत नाही. आणि जवळची वही नसेल तर मूळ उच्चार कसा होता याचा माग सुटतो. लोकांना मात्र तिन्हींतला भेद सांगायला हवा. तो सांगतो कोण? पुन्हा संपादकच, आपल्या प्रस्तावनेत आणि तळटिपेत.

संपादकाच्या या जातीचा आपल्याकडचा थोर पूर्वज एकनाथमहाराज. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हा तीनशे वर्षं होत आली होती. नकलांवर नकला झाल्या होत्या, पाठ बिघडले होते, आणि कुणीकुणी आपल्या ओव्या मध्ये घुसवायला लागले होते. नाथांनी प्रत शोधली, आणि शेवटी आपल्यामागून येणाऱ्यांना बजावून ठेवलं : 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥'. अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवू नका. स्वतः एवढा मोठा कवी, भागवत लिहिणारा, भारुडं रचणारा. ज्ञानेश्वरीत आपली एक ओवी घालणं त्याला काय कठीण होतं? पण तिथे त्याने आपला हात आवरला. संपादनाची सगळी नीती मला या एका ओवीत दिसते.

नाथांच्या शुद्ध प्रतीचा इतका प्रसार झाला की त्याआधीच्या प्रती मागे पडल्या. नाथांनी काही जुनी रूपं त्या काळच्या वाचकाला कळावी म्हणून बदलली असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बीडकडच्या पाटांगणला सापडलेल्या प्रतीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली ती याच ओढीतून, की नाथांच्याही मागे जाऊन पाहावं. त्या प्रतीच्या प्राचीनतेवर पुढे पुष्कळ वाद झाले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण संपादक म्हणजे चुकत नाही असा माणूस, असा कुणाचा समज होऊ नये. तो निर्णय घेतो, आणि निर्णयाची कारणं लिहून ठेवतो, म्हणून पुढच्याला तो निर्णय फिरवता येतो. भिंतीवरच्या ओळीला कारण विचारता येत नाही. छापील आवृत्तीला विचारता येतं.

शाळकरी मुलाच्या हाती जुनी कविता देण्याचा पहिला मोठा खटाटोप परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचा. १७९९ ते १८७४ असं त्यांचं आयुष्य. संस्कृत नाटकं मराठीत आणणारे, 'वृत्तदर्पण' लिहिणारे तात्या. त्यांचं 'नवनीत अथवा मराठी कवितांचे वेंचे' १८५४ साली निघालं. मुक्तेश्वर, वामन, श्रीधर, मोरोपंत, रघुनाथ पंडित. ज्यांच्या पोथ्या पुराणिकाच्या किंवा कीर्तनकाराच्या ताब्यात, त्यांचे वेचे एका छापील पुस्तकात. पोथी ऐकायची तर ज्याच्या घरी ती आहे त्याच्या ओसरीवर जावं लागे, आणि ओसरीवर कुणी बसायचं हे जात ठरवत असे. पुस्तक विकत घेणाऱ्याला जात विचारत नाही. 'नवनीत'च्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, शाळांतून ते लागलं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी जुनी कविता त्याच्यामुळे राहिली.

वेच्यांची एक मर्यादा मात्र असते. जे निवडलं तेच सगळं, असं वाचणाऱ्याला वाटू लागतं. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचे ग्रंथ तेव्हा सांकेतिक लिप्यांत बंद होते, मठांबाहेर कुणाला वाचता येत नव्हते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात जुनी मराठी शिकलेल्या विद्यार्थ्याला चक्रधरांचं गद्य ठाऊकच नव्हतं. भावे, राजवाडे यांनी त्या लिप्या उलगडल्या, ह. ना. नेने यांनी नागपुरात चक्रधरांच्या आठवणींचं लीळाचरित्र छापायला घेतलं, तेव्हा कुठे कळलं की तेराव्या शतकात मराठी माणूस इतकं साधं, बोलतं, नेमकं गद्य लिहीत होता. आपल्या भाषेचा इतिहासच बदलला. आणि हे घडलं ते कुणी नवा ग्रंथ लिहिला म्हणून नव्हे. असलेला ग्रंथ वाचता येईल असा केला म्हणून.

याहून बोलका दाखला गोव्याचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ साली राशोलला छापून निघालं. मराठी ओवी, मराठी भाषेची तोंड भरून स्तुती. पण लिपी रोमन. सतराव्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या झाल्या, आणि त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. हस्तलिखितं राहिली, गोव्या-मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत ते वाचलं जात राहिलं. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालदान्हा यांनी ते पुन्हा छापलं, तेही रोमनमध्येच. मराठीच्या कौतुकाच्या ओव्या ज्या ग्रंथात आहेत, तो ग्रंथ पुण्या-नागपूरच्या मराठी वाचकाला हाती घेऊनही वाचता येईना. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. १६१६ ते १९५६. तीनशे चाळीस वर्षं! नंतर फादर कारिदाद द्रागो यांनी १९९६ साली आजच्या मराठीतल्या अर्थासह तो दिला, तेव्हा माझ्यासारख्याला तो खऱ्या अर्थाने वाचता आला. मी ती आवृत्ती पहिल्यांदा उघडली तेव्हा अर्थ न बघता चार ओव्या लागल्या, पाचवीला अडलो, डोळे खाली नेले, पुन्हा वर आलो आणि पुढे निघालो. या 'डोळे खाली नेले आणि वर आलो' मध्ये सगळं आलं. तळटीप नसती तर मी पाचव्या ओवीला पुस्तक मिटलं असतं, आणि दोष स्वतःच्या बुद्धीला दिला असता.

हा मुद्दा मला फार जिव्हाळ्याचा आहे. जुनं मराठी वाचताना अडणाऱ्या माणसाला आपण नकळत कमी लेखतो. 'आजच्या मुलांना ज्ञानेश्वरी कळत नाही' हे वाक्य किती सहज बोललं जातं! सातशे वर्षांपूर्वीची भाषा कुणालाच आपोआप कळत नसते. ज्यांना कळते त्यांना कुणीतरी अर्थ सांगितलेला असतो, घरात, फडावर, वर्गात. ज्याच्या घरी तो सांगणारा नाही, त्याच्यासाठी सार्थ आवृत्ती हाच सांगणारा. वारकरी संप्रदायाने हे फार आधी ओळखलं. साखरेमहाराजांची सार्थ ज्ञानेश्वरी, विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा, सोनोपंत दांडेकरांची ज्ञानेश्वरी यांनी घराघरांत जे काम केलं ते विद्यापीठांनाही जमलेलं नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मग सरकारने, विद्यापीठांनी यात पडायचं कशाला? कारण संप्रदाय आपल्या संतांचं पाहतो, आणि त्याने तेवढंच पाहणं योग्यही आहे. मुक्तेश्वराला फड नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ साली छापला नसता तर सूफी आणि वारकरी शब्द एकाच ओवीत नांदवणारा हा कवी किती जणांना माहीत झाला असता? निरंजनमाधव, तंजावरकडची मराठी नाटकं, बखरी, शाहिरांचे पोवाडे. यांच्या मागे कुणी मठ नाही, दिंडी नाही. शाळिग्राम आणि अॅक्वर्थ यांनी १८९१ साली पोवाडे छापले, का. ना. साने, जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रह' चालवला, वामन दाजी ओकांनी निर्णयसागरच्या 'काव्यसंग्रहा'त कवी मागून कवी दिला. बहुतेकांनी पोटापाण्याचा दुसरा उद्योग सांभाळून हे केलं. त्यांच्या हौसेवर आपण सव्वाशे वर्षं जगलो. आता ती पुंजी संपत आली आहे, पुस्तकं दुर्मीळ झाली आहेत, आणि हौस ही काही कायमची व्यवस्था नव्हे.

मला सांगितलं जातं की आता सगळं स्कॅन झालेलं आहे, मोबाईलवर मिळतं. खरं आहे, आणि ज्यांनी ही पानं स्कॅन केली त्यांचे उपकार आहेत. आमच्या वाचनालयात दर शनिवारी आम्ही पाच-सात जण जुनं मराठी वाचतो. एका शनिवारी अभियांत्रिकीला असलेली एक मुलगी मुक्तेश्वराच्या जुन्या छापील पुस्तकाची स्कॅन प्रत फोनवर घेऊन आली. पान पिवळं, मधला भाग शिवणीत गेलेला, अनुस्वार उडालेले, शब्द शोधायची सोय नाही कारण ते अक्षर नाही, चित्र आहे. अनुस्वार गेला की जुन्या मराठीत किती बिघडतं ते लक्षात येत नाही. 'घरीं' म्हणजे घरात, 'मीं' म्हणजे मी केलं मधला मी. टिंब गेलं की कर्ता कोण आणि ठिकाण कुठलं तेच कळत नाही. तिने अर्धा तास झुंज दिली आणि मग विचारलं, 'काका, याचं साधं टाइप केलेलं, खाली अर्थ असलेलं कुठे मिळेल?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं सांगितलं जातं की यंत्र आता हेही करून देईल. अक्षर ओळखण्याचं काम यंत्राने जरूर करावं, मी त्याचं स्वागतच करीन, संपादकाचे कष्ट निम्मे होतील. पण 'वंदावी' की 'वंदीन' हे यंत्राला विचारून पाहा. जे जास्त वेळा लिहिलं गेलंय त्याकडे ते झुकणार, आणि जास्त वेळा लिहिलं गेलंय ते चुकीचं. हजार भिंतींवर आहे म्हणून ते देहूच्या वहीत होतं असं होत नाही. तिथे माणूस लागतो, वही लागते, आणि अडल्यावर थांबायची तयारी लागते.

तिसरी अडचण खरी अवघड आहे, तिला बगल देणं बरोबर नाही. हे ग्रंथ श्रद्धेचे आहेत. वि. भि. कोलते यांनी संपादलेलं लीळाचरित्र राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केलं, महानुभाव पंथीयांचे आक्षेप आले, आणि मामला न्यायालयापर्यंत गेला. कोलत्यांनी आयुष्य त्या ग्रंथांना दिलेलं होतं आणि आक्षेप घेणाऱ्यांचंही आयुष्य त्याच ग्रंथांभोवती गेलेलं होतं. माझं मत असं की ज्यांनी शतकानुशतकं पोथ्या जपल्या त्यांना संपादनाच्या बैठकीत पहिल्या दिवसापासून बसवावं, त्यांचा पाठ, त्यांचा अर्थ मानाने नोंदवावा. पण पाठभेद झाकू नयेत. जे पोथ्यांत आहे ते वाचकापासून लपवून त्याच्या श्रद्धेचं रक्षण होतं, असं मला वाटत नाही.

आता मागणी. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी जिथे लीळा जमवल्या त्याच गावी, याहून चांगली जागा कुठली? तिथे संपादनाचा वर्ग पहिल्या मानाचा असावा. मोडी आणि महानुभावी लिप्या, जुनं व्याकरण, पाठ ताडून पाहण्याची शिस्त, आणि त्याबरोबर आजच्या वाचकाला दोन ओळींत अर्थ सांगण्याची कला. ही शेवटची गोष्ट विद्वानांना सगळ्यात जड जाते. पीएचडीसाठी 'अमुक कवीचा अभ्यास' असे प्रबंध माझ्या पाहण्यात ढिगाने आहेत. एखाद्या मुलाने मुक्तेश्वराच्या महाभारताचं एक पर्व नीट संपादून आणलं, तर ती पदवीची कमाई का नसावी? पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ला हाती घेतली आणि १९६६ला पुरी केली. सत्तेचाळीस वर्षं, विष्णु सीताराम सुकथनकरांसारखी माणसं त्यात खर्ची पडली. मराठी ग्रंथांसाठी इतका लांब श्वास आपण घेऊ शकत नाही का?

आणि तयार झालेलं सगळ्यांना मोकळं हवं. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो, सरकारी प्रकाशन छापल्यानंतर साठ वर्षांनी. म्हणजे ओक, भावे, राजवाडे आज सर्वांचे आहेत. पु. मं. लाडांनी १९५० साली सरकारसाठी काढलेली गाथा २०११ पासून सर्वांची आहे. पण नुसतं कायद्याने मोकळं असून काय उपयोग? सरकारी पैशाने झालेलं प्रत्येक संपादन शोधता येईल अशा अक्षरांत, तळटिपांसह, पाठभेदांसह महाजालावर असावं आणि कागदावरची प्रत कॉलेजच्या मुलाला एका वेळच्या जेवणाच्या पैशात मिळावी. साहित्य संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ पुस्तकं मोफत ठेवली आहेत, ती वाट बरोबर आहे. तीच पुढे न्यायची आहे. आणि संपादकाचं नाव मुखपृष्ठावर हवं. कवीच्या नावापेक्षा लहान असू दे, पण हवं.

शाळेची भिंत यंदा उन्हाळ्यात पुन्हा रंगवायला काढली. मी मुख्याध्यापकांना भेटलो, गाथा दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, 'अहो, मी स्वतः मुलांना वंदावीच शिकवत आलो.' रंगारी शिडीवर होता. मी खालून पान धरलं, त्याने वाकून ओळ बघितली, मग बोट पुढच्या ओळीवर नेलं. 'अंगें झाडीन अंगण,' त्याने हळू वाचलं. भिंतीकडे बघून मापाचा अंदाज घेतला आणि मला विचारलं, 'काका, खाली जागा आहे. ही पण घेऊ का?'